चार्ज

मुलाखत दुसऱ्या दिवशी अकरा वाजता होती. माझी बायको नसीम म्हणाली, "या वेळी आधी कंपनी बघून या. धुळ्यासारखं नको."

धुळ्याला मी मुलाखतीला गेलो, तर दिलेल्या पत्त्यावर मंगल कार्यालय होतं. आत कोणाची तरी हळद चालली होती. फाइल काखेत धरून तसाच भुसावळला परत आलो. सव्वा वर्षातली ती अकरावी मुलाखत. आधीचं कोल्ड स्टोरेज बंद पडल्यापासून मी घरीच होतो. वीस वर्षं प्लांट ऑपरेटर म्हणून काढलेली, पण पन्नाशीच्या माणसाला कोणी दारात उभं करत नाही.

आयतने मोबाइलवर शोधून ठेवलं होतं. रावेरजवळचं केळीचं कोल्ड स्टोरेज. फोटो बरे होते, फोन नंबर खरा होता. "एकच खटकतं अब्बू," ती म्हणाली. "ऑपरेटर पाहिजे म्हणून हीच जाहिरात दोन वर्षांत नऊ वेळा आलीये."

नऊ वेळा. पगार बरा आणि माणूस टिकत नाही, म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं. दुपारच्या एसटीनं निघालो.

एप्रिलचं ऊन. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा, पानं उन्हानं मिटल्यासारखी. फाटक उघडंच होतं. शेडमध्ये एक बाई क्रेट धूत होत्या. वच्छलाबाई असं नाव सांगितलं त्यांनी. मी विचारलं, "अक्का, इथं ऑपरेटर टिकत का नाहीत?"

त्यांचा हात थांबला. "मले नका इचारू भाऊ," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा क्रेटला घासणी लावली.

मशीनरूम मागच्या बाजूला होती. बाहेरच्या उजेडातून आत शिरल्यावर काही क्षण काहीच दिसेना. नुसता कॉम्प्रेसरचा आवाज, आणि थंडाव्यासाठी वापरतात त्या अमोनियाचा नाकात टोचणारा वास. मग खुर्चीवर बसलेला माणूस दिसला. साठीकडे झुकलेला, निळा युनिफॉर्म, डोळे तांबारलेले.

"रिलीव्हर ना तुम्ही?" तो म्हणाला.

"नाही भाऊ. उद्या मुलाखत आहे. सहज बघायला आलो."

"बरं केलं. मी पंडित." तो उठला. "काम येतं?"

"वीस वर्षं केलंय."

त्यानं सगळं दाखवलं. दोन नंबरच्या कॉम्प्रेसरचा ऑइल प्रेशर दुपारी उतरतो. चौथ्या चेंबरचं दार खांद्यानं दाबावं लागतं. तिकडच्या पाइपाचा व्हॉल्व्ह सावकाश फिरवायचा, घाई केली की दगा देतो. इतक्या मायेनं मला कोणीच काम समजावलं नव्हतं. मी मनात एकेक टिपून घेत होतो. उद्या मुलाखतीत उपयोगी पडेल म्हणून.

मग तो भिंतीला टेकला. "फार झोप आलीय भाऊ. माझी ड्यूटी कधीच संपली. पण चार्ज घ्यायला कोणी येतच नाही..."

मला ते ठाऊक होतं. अमोनियाचा प्लांट सोडून कोणी जात नाही. पाळी सोडवायला रिलीव्हर आला नाही तर दुसरी पाळीही आपलीच, पुढचाही आला नाही तर तिसरी. मीही काढल्या आहेत तशा. पाय सुजतात, आपण कुठं आहोत तेही कळेनासं होतं.

"घेता का चार्ज?" त्यानं विचारलं. आवाज इतका हळू, की मशीनच्या घरघरीत तो कसा ऐकू आला, नवल वाटलं.

"जा भाऊ. बसतो मी थोडा वेळ."

"तसं नाही... नीट म्हणा."

"चार्ज घेतला."

त्यानं डोळे मिटले. एकदम वासाचा लोट आला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, श्वास घेता येईना. रुमाल तोंडावर धरला. वास गेला तेव्हा खोलीत मी एकटाच होतो. दाराची कडी आतून लावलेली होती. मी लावली नव्हती.

कोणीतरी बाहेरून दार वाजवत होतं. उघडलं तर तिशीतला एक तरुण. शेठचा मुलगा, अर्पित. कंपनी तोच सांभाळायचा; ऑपरेटर नसेल तेव्हा प्लांटही.

"तुम्ही कोण? आत कोणी घेतलं तुम्हाला?"

"मी हबीब. उद्या मुलाखतीला येणार होतो. पंडितभाऊंनी चार्ज दिला, बसलो होतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग पायरीवर बसला.

"रिलीव्हर आला नव्हता," तो खाली बघत म्हणाला. "तिसऱ्या पाळीत पंडितला झोप लागली, आणि व्हॉल्व्ह फुटला... गॅसनं तो तिथंच गेला. दोन वर्षं झाली. येईल त्या ऑपरेटरला 'चार्ज घेता का' विचारतो तो. नऊ जणांना विचारलं. सगळे पळाले. तुम्ही काय म्हणालात?"

"घेतला म्हणालो."

तो पायरीवरून उठला. मग म्हणाला, "उद्याची मुलाखत राहू द्या. आजच ऑर्डर देतो."

मी घेतली. भ्यायला हवं होतं, कळत होतं. पण सव्वा वर्ष फाइल घेऊन फिरलेल्या माणसात भ्यायचंही त्राण उरत नाही.

तीन आठवडे बरे गेले. पंडित पुन्हा दिसला नाही. दुपारी चारला हसीब यायचा, माझ्यानंतर घेतलेला दुसरा ऑपरेटर, सावद्याचा, वेळेचा पक्का. परवा तो आला, दारात थांबला, खोलीभर नजर फिरवली आणि फोनवर म्हणाला, "अर्पितभाऊ, इथं कोणीच नाहीये."

मी खुर्चीतच होतो. त्याच्यापासून चार हातांवर.

"हसीब, अरे..." तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा तो दचकला. "चाचा! कुठून आलात?"

काल संध्याकाळी घरी पोहोचलो. दार वाजवलं. आयतने उघडलं. माझ्या तोंडासमोर उभी राहून तिनं गल्लीत इकडेतिकडे पाहिलं.

आतून नसीमनं विचारलं, "कोण आहे गं?"

"कोणी नाही, अम्मी," ती म्हणाली, आणि तिनं दार लावून घेतलं.