व्याह्यांची हाक

हे मी रचलेलं नाही. रचलं असतं, तर शेवट तरी बदलला असता.

ज्यांनी ती हाक ऐकली, त्यातले दोघेच आता उरलोत. एक मी, दुसरी माझी मामेबहीण रुनकी. ती यावर बोलत नाही. म्हणून मी लिहितो.

मिथिलेत, कमला नदीच्या काठी घडलेली गोष्ट. श्रावण होता. रात्र नव्हती. भर दिवस होता, आभाळ राखेच्या रंगाचं.

आधी आमची नदी समजून घ्या. तिच्या दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध आहेत. नदी डोंगरातून गाळ आणते. पूर्वी तो शेतांत पसरायचा, आता बांधांच्या मधे साचतो. तळ वर येतो. मग बांध वाढवायचा. मग तळ आणखी वर. आता पुरात पाणी आमच्या छपरांच्या उंचीवरून वाहतं आणि आम्ही खाली झोपतो.

आणखी एक गोष्ट दोन्ही काठांना ठाऊक असते. कुणी ती बोलत नाही.

पलीकडचा बांध फुटला, की आपला वाचतो.

पुरात दोन्ही बांधांवर पहारा असे. थोड्या थोड्या वेळानं हाक द्यायची, समोरून उत्तर घ्यायचं. आमच्या बाजूला माझे जीबछमामा. पलीकडे महुलिया गावचे दुखमोचनबाबू, म्हणजे रुनकीचे सासरे. लग्न त्याच वैशाखातलं. त्यामुळे पहारा थोडा, टोमणे फार.

"ओ व्याही! जागे आहात, की मुलगी आमच्या गळ्यात बांधून निवांत घोरताय?"

"घोरणं तुमचंच ऐकू येतंय! नदी काय उगाच चढली?"

"सगळं ठीक?"

"सगळं ठीक!"

हे शेवटचं मात्र थट्टेचं नसे. बांधाला आतून भोक पडलं की पाण्याच्या बाजूला तिथे छोटा भोवरा फिरू लागतो. बांधावर उभ्या असलेल्याला तो दिसत नाही. गवत आड येतं. समोरच्या काठावरून दिसतो.

आपला बांध व्याह्यांच्या डोळ्यांनी बघायचा, अशी ती रीत.

रुनकी मधुश्रावणीच्या व्रतासाठी माहेरी आलेली. नवी नवरी या व्रतात सासरहून आलेलंच अन्न खाते. दुखमोचनबाबूंनी तांदळाचं पोतं पाठवलं होतं, वर निरोप: "सुनेपुरतं आहे. व्याह्यांनी हात मारू नये."

मी तेव्हाही गावच्या शाळेत शिकवायचो. त्या दिवशी मी मामांना जेवायला बोलवायला बांधावर गेलो. मामा पलीकडे एकाच जागी बघत होते.

"काय बघताय?"

"काही नाही, मास्तर. ओंडका वाहतोय."

मला ओंडका दिसला नाही. माझा चष्मा पावसानं भिजलेला होता. तो पुसावा, असं मला वाटलं नाही.

तेवढ्यात हाक आली.

"ओ व्याही! सगळं ठीक?"

मामांचं उत्तर नेहमी हाकेला चिकटून जायचं. त्या दिवशी मधे नुसतं पाणी वाजत राहिलं...

"सगळं... ठीक!"

घरी आलो. रुनकी सासरचा भात खात होती. मामांनी ताट पुढे ओढलं, पण घास उचलला नाही.

आम्ही हात धुतले नव्हते, तोच पलीकडून आवाज आला. आधी फाटल्यासारखा. मग लांब, न संपणारा...

आमच्या बाजूचं पाणी उतरू लागलं. बांधावर कुणीतरी ओरडलं, "वाचलो!"



पक्का रस्ता आमच्या बाजूला. म्हणून मदतीच्या गाड्या आमच्याकडे आल्या. कोरड्या घरांवर निळ्या ताडपत्र्या चढल्या. उरलेले पोहे, गूळ आणि मीठ पलीकडे न्यायला होडी हवी होती. सगळ्यांच्या आधी मामा उठले. रुनकी त्यांच्याही आधी होडीत जाऊन बसली होती.

फुटलेल्या बांधातून आम्ही आत शिरलो. महुलिया म्हणजे पाण्यावर ठेवलेली छपरं. कुत्रं भुंकत नव्हतं. कुणी रडतही नव्हतं.

एका छपरावर विहीणबाई भेटल्या. पोह्यांचं पुडकं त्यांनी घेतलं, उघडलं नाही.

"बाबूजी कुठेत?" रुनकीनं सासऱ्यांबद्दल विचारलं.

"बांधावर होते. मी म्हटलं, चला, पायाखालची माती हलतेय. मला म्हणाले, वेडी आहेस. आत्ताच व्याह्यांना विचारलं. ते म्हणाले, सगळं ठीक."

मामांनी मान खाली घातली. वल्हं पाण्यात रोवून होडी मागे रेटू लागले.

होडी हलेना.

तिथे खाली शेत होतं. पाणी साचलेलं, जराही ओढ नाही. तरी होडीला लागून... ताटलीएवढा भोवरा फिरत होता.

मामांनी वल्ह्यानं तो मोडला.

तो पुन्हा फिरू लागला.

आणि मग हाक आली. जिथे बांध होता आणि आता नुसती नदी होती, तिथून.

"ओ व्याही..."

तोच सूर. थट्टेचा.

"बाबूजी!" रुनकी हसत उठली. "जिवंत आहेत!"

आम्ही सगळ्यांनी तिकडे पाहिलं. झाड नव्हतं. माणूस नव्हता. उघडं पाणी होतं.

"सगळं ठीक?"

मामांच्या हातातून वल्हं सुटलं. ते उभे राहिले आणि छाती फुटेल असे ओरडले, "नाही! व्याही, भोवरा आहे! तुमच्या पायाखाली भोवरा आहे! पळा!"

होडीजवळचा भोवरा थांबला.



मग तोच आवाज. या वेळी थट्टा नव्हती. राग नव्हता. नुसतं विचारणं होतं.

"कधीपासून दिसतोय?"

मामांनी वाकून तरंगणारं वल्हं पाण्यातून उचलून घेतलं. 

विहीणबाई सुनेकडे बघत होत्या. रुनकी वडिलांकडे.

ती छपरावर चढली आणि सासूजवळ बसली. आम्ही निघालो तेव्हा वडिलांना एवढंच म्हणाली, "बाबू, तो तांदूळ उरलाय ना, तो पाठवून द्या. माझ्या घरचा आहे."

ती पुन्हा माहेरी आली नाही. दुखमोचनबाबू सापडले नाहीत. मामा पुढे पुष्कळ जगले, पण कुणी खुशाली विचारली की उठून आत जायचे.

बांध पुन्हा झाला. त्याच मातीचा, आणखी उंच.

पावसाळ्याआधी मी शाळेतल्या मुलांना तिथे नेतो. भोवरा कसा ओळखायचा ते काठीनं पाणी फिरवून दाखवतो. दिसला की ओरडायचं, काठ कुणाचा ते बघायचं नाही, असं शिकवतो. मुलांना ओरडायला काय, कारणच हवं.

"भोवरा! पळा!"

पलीकडून "पळा... पळा..." परत येतं. मुलं खिदळतात.

गेल्या खेपेला मुलं ओरडली आणि गप्प राहून वाट बघू लागली. त्यांचे शब्द परत आले नाहीत.

दुसरेच आले.

"गुरुजी," पुढची मुलगी माझा सदरा ओढत म्हणाली, "पलीकडून कोण विचारतंय, 'कधीपासून दिसतोय?'"

मी चष्मा काढला. पुसला नाही.

"काही नाही," मी म्हणालो. "चला घरी."