हिनोसेचं पाणी

आम्ही राहतो त्या भागाचं नाव वॉर्म स्प्रिंग्ज. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं दक्षिण टोक. पूर्वी इथे खरोखरच गरम पाण्याचे झरे होते, लोक घोडागाड्यांतून आंघोळीला येत, असं आमच्या मुलीने, यामिनीने, घर घेतलं तेव्हा शेजारच्या एका गृहस्थांनी सांगितलं होतं. आता इथे एकसारखी टाउनहाउसं आहेत, बार्ट रेल्वेचं स्टेशन आहे आणि फ्रीवेचा न थांबणारा आवाज आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर दिसतो. उन्हाळ्यात गवत वाळून तो सायीच्या रंगाचा होतो.

मला ठाऊक असलेले झरे कोकणातले. दापोलीहून आत उन्हवरे म्हणून गाव आहे. लहानपणी आत्या मला तिथे न्यायची. बायकांचं कुंड वेगळं, भोवती भिंत. पाणी इतकं कढत की आधी नुसते पाय सोडून बसायचं. त्या पाण्याला एक वास यायचा, त्याचं नाव मला पुढे कॉलेजच्या प्रयोगशाळेत कळलं. वाताने धरलेली माणसं बैलगाडीतून आणलेली असत. आत्या म्हणायची, "येताना माणूस गाडीत असतो, जाताना गाडीमागून चालतो." मी नंतर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. गंधकाने काय होतं आणि काय होत नाही, हे मुलींना फळ्यावर लिहून दिलं. आत्याचं वाक्य मात्र कधी खोडलं नाही.

मागच्या हिवाळ्यात ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पण डावी मूठ मिटली ती मिटलीच, आणि डावा पाय फरपटायला लागला. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात कालवे खणलेला माणूस. आता दिवसभर खिडकीशी बसायचा. फिजिओथेरपीची मुलगी आली की डोळे मिटून घ्यायचा. डॉक्टर म्हणाले, शरीरापेक्षा मनाने सोडून दिलंय. मला भीती वाटायची ती त्याचीच.

नोव्हेंबरात आमच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. यामिनीच्या मनात आम्हाला जपानला न्यायचं होतं. गरम पाण्याच्या झऱ्यांवर तिथे जुन्या पद्धतीच्या सराया असतात, त्यातल्या उत्तमातल्या दोन-तीन तिने निवडल्या होत्या. शनिवारी सकाळी डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून आमची सभा भरायची.

"आई, हे बघ. रूमलाच अटॅच्ड ओपन-एअर बाथ. फक्त आपल्यासाठी. लाकडाचा टब, समोर दरी."

"सगळ्यांसमोर तसलं स्नान नको गं बाई मला."

"म्हणून तर प्रायव्हेट घेतेय. आणि जेवण रूममध्येच आणून देतात. फक्त फिशचं बघावं लागेल, सगळ्या सूपमध्ये असतो."

"बाबांना विचार."

"मी येत नाही," हे खिडकीशी बसूनच म्हणाले. "तुम्ही मायलेकी जाऊन या. मला कुठे उचलून नेऊ नका."

तरी यामिनीने हट्ट सोडला नाही. डॉक्टरांनी एकच अट घातली होती: कशालाही न धरता, स्वतःच्या पायाने खोलीतून न्हाणीघरापर्यंत जाता आलं तर विमानात बसवा.

शेवटी हिनोसे नावाच्या गावातली सराई ठरली. डोंगरात, देवदारांच्या मधोमध. मालकीणबाई मोरिया म्हणून होत्या. व्हिडिओ कॉलवर त्या कमरेत वाकून नमस्कार करायच्या आणि एकेक शब्द तोलून इंग्रजी बोलायच्या. आमची संध्याकाळ म्हणजे त्यांची उद्याची सकाळ. ह्यांनी त्यांचं नाव लगेच मोरयाबाई करून टाकलं. मासळीऐवजी समुद्री शेवाळाचा रस्सा करू असं बाई म्हणाल्या. टबाशी धरायला दांडा बसवून घेऊ, तोवर ती खोली कुणाला देणार नाही, असंही म्हणाल्या.

ह्यांना आंघोळ मी घालते. टबात प्लास्टिकची खुर्ची, बाजूला बादली आणि तांब्या. इथला शॉवर ह्यांना सोसत नाही. पहिला तांब्या ओतताना सात नद्यांची नावं घ्यायची, ही माझ्या वडिलांची सवय माझ्यात उतरली आहे. नावं घेतली की त्या नद्या तांब्यात येतात, असं ते म्हणायचे. कॅलिफोर्नियातही मी ती घेते.

एके दिवशी मी नावं घेतली आणि हे म्हणाले, "सगळ्या आपल्याकडच्याच बोलावतेस. त्या हिनोसेला पण बोलाव की."

"म्हणजे?"

"गंगा एवढ्या लांबून येते फुकट. तेही येईल. विमानाचे पैसे वाचतील आणि माझी फरपट."

टोमणाच होता. पण कितीतरी महिन्यांनी हे असं बोलले होते, म्हणून मीही ऐकलं. सात नावं घेतली, आठवं हिनोसे म्हटलं आणि तांब्या त्यांच्या डोक्यावर ओतला.

"आहाहा," हे म्हणाले.

पाणी माझ्या बोटांना बुळबुळीत लागलं, साबण नुसता हाताला लागून राहावा तसं. दुसऱ्या दिवशी वास आला. उन्हवऱ्याचा.

मी खाली जाऊन वॉटर हीटर पाहिला. स्वयंपाकघराचा नळ सोडून वास घेतला, काही नाही. दोन दिवसांनी माझी जोडवी काळी पडली. यामिनी म्हणाली, "अगं, एरियाचं नावच वॉर्म स्प्रिंग्ज आहे. पाइपमध्ये काहीतरी मिक्स होत असेल." तिने माणूस बोलावला. त्याने बाटलीत पाणी भरून नेलं. पाणी उत्तम असल्याचा निरोप आला.

मग मी शाळेत शिकवायचे तसं केलं. एक गोष्ट बदलायची, बाकीचं तसंच ठेवायचं. बादली भरली, चांदीचा चमचा बुडवला. चमचा स्वच्छ. सात नावं घेतली, पुन्हा बुडवला. स्वच्छ. आठवं नाव घेतलं.

चमचा माझ्या डोळ्यांदेखत आधी पिवळा झाला, मग काळा.

ह्यांना दाखवला. इंजिनिअर माणूस. उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "पाणी उताराकडे जातं. एवढंच मला शिकवलंय." आणि मग माझ्या लक्षात आलं की चमचा त्यांनी डाव्या हातात धरला होता.

त्या दिवसापासून घरात उजेड आला म्हणायला हरकत नाही. मूठ रोज थोडी उघडत गेली. फिजिओथेरपीच्या मुलीला हे स्वतःहून विचारायला लागले, "आज काय नवीन?" जेवताना पोळी दोन्ही हातांनी तोडायचे. आठव्या नावाचं यामिनीलाही सांगितलं होतं; ती ऑफिसमधून आल्या आल्या पर्ससकट त्यांच्यापाशी बसायची आणि बोटं मोजायला लावायची. एक दिवस मी मुद्दाम आठवं नाव गाळलं. पाणी साधं होतं. संध्याकाळी त्यांची मूठ मिटली, गार पडली, आणि ते पुन्हा खिडकीशी जाऊन बसले. तो प्रयोग मी परत केला नाही.

ऑक्टोबरात मोरियाबाईंचा कॉल आला. दांडा बसला होता, तो त्यांनी दाखवला.

"एक सांगायचं आहे," त्या म्हणाल्या. "त्या खोलीच्या टबातलं पाणी रोज रात्री थोडं कमी होतं. कारागिरांनी तपासलं. गळती नाही."

यामिनीने माझ्याकडे पाहिलं. मी सुपारी कातरत राहिले. आम्ही सकाळी आंघोळ करतो तेव्हा तिथे रात्र असते.

"आणि सकाळी ओसरीवर ओली पावलं असतात. टबापासून खोलीपर्यंत. खोलीला कुलूप आहे."

"आई, या लोकांचं हे मार्केटिंग असतं की काय?" यामिनी मराठीत पुटपुटली. हसली, पण हसू अर्धंच आलं. "सॉरी, मोरिया-सान. कसली पावलं?"

"पुरुषाची. वयस्क असावेत. डाव्या पावलाची नुसती खूण नसते. मागे रेघ असते, ओढल्यासारखी."

यामिनीची नजर टेबलाखाली गेली, ह्यांच्या पायाकडे.

मोरियाबाई घाईने म्हणाल्या, "आम्ही घाबरलो नाही. माझ्या सासूबाई म्हणतात, पाहुणे आधी येऊन जागा बघून जातात. आणि ती रेघ आता रोज आखूड होते आहे."

फ्रीवेचा आवाज ऐकू येत होता.

"मोरयाबाईंना सांग," हे म्हणाले, "ओसरी घसरडी असेल तर एखादं पायपुसणं टाकून ठेवा."

कॉल संपल्यावर यामिनी मला गॅरेजमध्ये घेऊन गेली. "आई, बंद करायचं का हे?"

"काय बंद करायचं? आंघोळ?"

"यू नो व्हॉट आय मीन."

"बोटं मोजतेस ना रोज? मग तूच ठरव."

ती ड्रायरला टेकून उभी राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "तिकिटं काढते."

पुढच्या आठवड्यात यामिनी घरूनच काम करत होती. सकाळी नेहमीप्रमाणे मी बादली भरली, नावं घेतली. आठवं नाव आता माझ्या आधी तेच घ्यायचे. न्हाणीघर वाफेने भरलं. वाफेत मला देवदाराच्या ओल्या लाकडाचा वास आला, आणि कुठेतरी खाली, खूप खोल, नदीचा आवाज.

"पुरे," हे म्हणाले. "मी उठतो."

"थांबा, काठी देते."

"नको."

ते दोन्ही हातांनी टबाची कड धरून उठले. पाय बाहेर टाकला. डावा. उचलून टाकला.

कमरेला पंचा गुंडाळून ते चालायला लागले. पाठीवरून, केसांवरून पाणी निथळत होतं. दाराबाहेर, लाकडी फरशीवरून, सरळ.

यामिनी हेडफोन गळ्यात घेऊन पॅसेजमध्ये आली होती. तिने तोंडावर हात धरला.

"बाबा, काठी?"

"लागली की सांगतो. तू मीटिंग बघ तुझी."

ती हसली, रडली, भिंतीला धरून खाली बसली. ते खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला टेकले. चेहरा लालसर, तजेलदार. इतक्या वर्षांपूर्वी लग्नात अक्षता पडत असताना दिसला होता तसा. मला म्हणाले, "गरम कपडे घे हां. तिथे थंडी आहे."

माझं मन भरून आलं. पण सवय जात नाही. ओल्या फरशीवर कुणी घसरू नये म्हणून मी फडकं घेतलं आणि ते चालून आले ती वाट पुसायला लागले.

फडकं कोरडंच राहिलं.

मी मागे वळून न्हाणीघरापर्यंत पाहिलं. एकही ओलं पाऊल नव्हतं. मग हात टेकवून पाहिला. मग पलंगापाशी आले.

त्यांच्या कोपरावर एक थेंब लोंबत होता. तो फुगला, सुटला. मी तो पडताना पाहिला.

खाली फरशी कोरडी होती.