काचेची किणकिण

कान तपासून घ्यायला वेळेआधी कोणी येत नाही. उशीर झाला तर 'हाक ऐकू आली नाही' हे कारण त्या दवाखान्यात कायम चालतं. हा मात्र लवकर आला, दार ढकलून थेट आत शिरला आणि जागच्या जागी थबकला.

समोर आवाजबंद खोली होती. भिंतींना करड्या स्पंजाचे खवले, खिडकीला दुहेरी काच. आत एक मुलगी हेडफोन लावून, डोळे मिटून बसली होती. आणि बाहेरच्या स्पीकरवर जे काही चाललं होतं ते… आधी व्हायोलिनं, रिकाम्या घरात कोणीतरी हळूच खुर्च्या सरकवाव्यात तशी. मग कानाशी लागून गाणारी एक बाई, भाषा परकी. आणि तिच्यामागे लहान मुलांची कुजबुज. खेळून दमलेल्या मुलांची नव्हे, खेळून दमून फार वर्षं झालेल्या मुलांची.

मुलीने डोळे उघडले. काचेला चिकटलेला एक पुरुषी चेहरा दिसला. ती किंचाळली. खोली आवाजबंद असल्यामुळे किंकाळी तिच्यापाशीच राहिली.

"घाबरलात?" ती बाहेर आल्यावर त्याने विचारलं.

"मी? छे! तुम्हीच घाबरला असाल. हे गाणं ऐकून सगळेच घाबरतात."

"यात घाबरण्यासारखं काय आहे?" तो म्हणाला. "अंगाईसारखं आहे की. छान."

ती त्याच्याकडे बघतच राहिली.

आता, हे गाणं दवाखान्यात का, तर पहिला पेशंट यायच्या आधी यंत्र स्वतःच्या कानांनी ऐकून बघायचं हा तिच्या कामाचा नियम होता. बाकीचे तंत्रज्ञ एक-दोन-तीन म्हणून मोकळे होतात. ही एक जपानी अल्बम लावायची. जुन्या सीडींच्या दुकानात मुखपृष्ठ बघून घेतलेला: जंगलात पियानो, आणि पियानोपाशी पाठमोरी बसलेली पांढऱ्या कपड्यातली मुलगी. नाव जपानीत, म्हणजे तिच्यापुरतं नावच नाही. पण चेलोच्या पोटातल्या घुमण्यापासून काचेच्या किणकिणीपर्यंत सगळे सूर त्यात होते. यंत्राचा कुठला कोपरा मुका झालाय ते लगेच कळायचं.

अल्बमचा लौकिक मात्र चांगला नव्हता. झाडणाऱ्या मावशी तो सुरू झाला की झाडू तिथेच टाकून जिन्यात जाऊन बसत. डॉक्टर म्हणाले होते, "आपण कान तपासतो, पेशंटला वर पोचवत नाही." आणि तिच्या आईने स्पष्ट सांगितलं होतं, "हे घरात लावलंस तर मी तुझ्या मामाकडे राहायला जाईन." मामाचं आणि आईचं पटत नव्हतं, त्यावरून धमकीचं गांभीर्य लक्षात यावं.

आणि हा माणूस म्हणत होता — अंगाई.

तिच्या छातीत जे झालं ते मोजायचं यंत्र त्या दवाखान्यात नव्हतं.

तो बंदरावर क्रेन चालवायचा. दरवर्षी कानांचा दाखला लागायचा. चाचणी साधी असते: आत बसायचं, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. पेशंटची पाठ तपासणाऱ्याकडे हवी, हा नियम. पण जुन्या रिपोर्टांचं एक अवाढव्य कपाट खोलीत येऊन बसलं होतं, त्यामुळे खुर्ची काचेकडे तोंड करून होती. ही गोष्ट तिला ठाऊक होती, डॉक्टरांना ठाऊक होती. कपाटाला कोणी विचारलं नव्हतं.

चाचणीभर तो तिच्याकडे बघत होता. एकटक. इतकं लक्ष देऊन तिच्याकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं, मुलगी बघायला आलेल्यांनीसुद्धा. तिचे कान तापले. आलेख मात्र सुरेख आला. डॉक्टरांनी फोनवर बोलता बोलता सही ठोकली.

पुढच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत तो पुन्हा दारात.

"कान दुखतोय?"

"नाही."

"मग?"

"त्या अंगाईचं पुढे काय होतं?"

"पुढे ती आणखी भयाण होते."

"मग तर ऐकायलाच हवी. एकटीने ऐकू नये म्हणतात, तुम्ही… म्हणजे कोणीही."

"असं कोण म्हणतं?"

"मी. आत्ताच म्हणालो."

डॉक्टर जेवायला घरी जात. मग ही दोघं आवाजबंद खोलीत, तो खुर्चीवर, ती स्टुलावर, दोघांना दोन हेडफोन, मांडीवर आपापला डबा. जगात प्रेमिकांना एकांत मिळत नाही म्हणून ओरड असते. यांना एकांत तर मिळालाच, वर तो स्पंज लावून मिळाला.

ती गाणी समजावून सांगायची. पहिलं गाणं म्हणजे कोणीतरी आरशाशी बोलतंय. दुसऱ्यात ती कुजबुज. तिसरं एक संथ गिरकीचं नाचगाणं, पण नाचणारं एकच माणूस असावं असं वाटणारं. आणि चौथं… चौथ्यात सगळी व्हायोलिनं एकदम थांबतात, बाईचा श्वास ऐकू येतो, आणि मग खूप वर, केसाइतकी बारीक, काचेची किणकिण. ती यायच्या क्षणी हिचे डोळे आपोआप मिटायचे.

"आली," तो हळूच म्हणायचा. दर वेळी. अचूक.

ती सुखाने शहारायची. आपल्याबरोबर शहारणारं माणूस मिळणं म्हणजे अर्धं लग्नच. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

तोही त्याच्या जगातलं सांगायचा. वरची केबिन, पायाखालीसुद्धा काच, खाली माणसं वाटाण्याएवढी. त्यातला एक वाटाणा म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा. तोंडात शिट्टी धरून तो खालून इशारे द्यायचा.

"परवा काय झालं माहितीये? कंटेनर उतरवत होतो. मेव्हणा खालून काय हातवारे करतोय! मला वाटलं, नाचतोय. घरी कधी नाचत नाही बिचारा, बहीण नाचू देत नाही. शेवटी हेल्मेट टाकून पळाला. कंटेनर बरोब्बर हेल्मेटवर! पापड झाला त्याचा."

"अगं बाई! आणि शिट्टी नाही वाजवली त्यांनी?"

"म्हणतो वाजवली. वारा होता गं. वाऱ्यात कसली शिट्टी!"

ती खूप हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी चौथं गाणं चालू होतं. किणकिणीला अजून बराच अवकाश होता. व्हायोलिनं भरात होती. एवढ्यात स्पंजातली धूळ तिच्या नाकात गेली. शिंक आली, म्हणजे यायला निघाली आणि वाटेत अडकली. तिने डोळे घट्ट मिटले.

"आली," तो तृप्त होऊन म्हणाला.

शिंक जिथल्या तिथे विरली.

गाणं पुढे सरकलं. खरी किणकिण आली, तेव्हा तिने डोळे टक्क उघडे ठेवले. तो शांतपणे डब्यातली काकडी खात होता.

तो गेल्यावर तिने ती गोष्ट केली जी खरं तर तिला आधीच सुचायला हवी होती. यंत्रात वरचे सूर कापायची सोय होती. तिने ते कापले आणि अल्बम पहिल्यापासून लावला.

आरशाशी बोलणारी बाई नुसती गुणगुणायला लागली. व्हायोलिनांची धार गेली, उरली मऊ लोकर. मुलं नाहीशी झाली. ती जिथे कुजबुजत होती ती जागाच भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत. आणि चौथ्या गाण्यात सगळं थांबलं, बाईचा श्वाससुद्धा आला नाही, किणकिण आली नाही. काही क्षण कोणीच नव्हतं. मग खालून चेलो घुमला. उबदार. आईने थोपटावं तसा.

खरंच अंगाई होती.

त्या अल्बमची तिला पहिल्यांदाच भीती वाटली.

"एक सांग," पुढच्या भेटीत तिने विचारलं. अल्बम लावला नव्हता. "दुसऱ्या गाण्यात ती मुलं काय करत असतील असं तुला वाटतं?"

"कुठली मुलं?"

मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने डब्याचं झाकण लावलं.

"कधीपासून?" ती म्हणाली.

"मागच्या चाचणीनंतर, वर्ष होत आलं असेल. आधी पाखरं गेली. मला वाटलं, झाडं तोडली म्हणून असेल."

"आणि चाचणी?"

"तू तिकडे बटण दाबलंस की खालचा ओठ दातांत धरतेस."

"आणि मी समजत होते की तू माझ्याकडे…"

"तसाही बघत होतो! दोन्ही एकदम चालू होतं. ओठांकडे बघायला माणसाला दोन कारणं असू नयेत का?"

एरवी ती यावर लाजली असती. "मेव्हण्याचं हेल्मेट," ती म्हणाली.

"वारा होता."

"नव्हता."

तो उठला. खोली इतकी लहान की उठून जायचं ते कपाटापाशीच. "हे बघ. खाली उतरवलं तर मला गोदामात खोकी मोजायला बसवतील. वर मी कोणीतरी आहे गं. खाली माझ्यासारखे ढिगाने पडलेत. पुढच्या वर्षीच्या चाचणीपर्यंत थांब. तुझं काय जातंय?"

"माझं काही जात नाही. तुझ्या बहिणीचं जाईल."

तो पांढरा पडला. "वा! प्रेम करावं तर असं."

"सोमवारी मी डॉक्टरांना सांगणार आहे. त्याआधी तू स्वतः आलास तर बरं."

"आणि नाही आलो तर?"

"तरी सांगणार आहे."

तो गेला. दार आपटून गेला, पण आवाजबंद खोलीचं दार आपटत नाही; नुसतं 'फुस्स' म्हणतं. त्याने तर तेही ऐकलं नसावं.

आई म्हणाली, "जेवत का नाहीस? ती भुताची सीडी ऐकून ऐकून झालंय हे."

"आता नाही ऐकत आई."

"मग तर नक्कीच काहीतरी झालंय."

सोमवारी सकाळी तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला. "यात तुझी नोकरी जाऊ शकते," ते म्हणाले. मग त्यांना आठवलं. "त्या दाखल्यावर सही माझी आहे नाही का?"

"म्हणून तर तुम्हाला आधी सांगतेय."

दवाखान्याने तातडीने पावलं उचलली. म्हणजे कपाट हलवलं. चौकशी मागाहून होणार होती, आणि तिच्या नावे एक खुलासा मागणारं पत्र टाइप व्हायला गेलं होतं.

कपाट दाराबाहेर निघालं, तर त्याच्या मागे तो उभा. दाढी वाढलेली. मावशींनी त्याला वाट दिली.

"मेव्हण्याला सुट्टीच्या दिवशी मोकळ्या मैदानात नेलं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "वारा नव्हता. त्याला म्हटलं, माझ्या मागे उभा राहा आणि शिट्टी फुंक. मी वाट बघत बसलो. म्हटलं, हा फुंकत का नाही? शेवटी वैतागून मागे वळलो, तर… त्याचे गाल फुगलेले होते. डोळे वटारलेले. जीव खाऊन फुंकत होता. आणि मला वळलेला बघून रडायला लागला. बहिणीच्या लग्नातसुद्धा तो रडला नव्हता."

तिने आत जाऊन खुर्ची भिंतीकडे फिरवली. तो तिच्याकडे पाठ करून बसला.

घुमणारा, जाडा सूर: त्याने बटण दाबलं. त्यावरचा, दाबलं. त्यावरचा… उशिरा दाबलं. मग ती वर वर जात राहिली आणि त्याचा अंगठा बटणावर नुसता ठेवलेला राहिला. एकदाही त्याने अंदाजाने दाबलं नाही. आलेखाची रेघ आधी सपाट चालली आणि मग जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली आली. काचेअलीकडे तिने तोंडावर ओढणी धरली होती. त्याची गरज नव्हती, पण ओठ दातांत धरायची सवय सुटत नाही.

"झालं?" त्याने भिंतीला विचारलं.

"एक भाग राहिलाय." तिने बोलायचा माईक ओढला. मागच्या वेळी हा भाग कोणी घेतलाच नव्हता. आलेख सुरेख आला की तो गाळायची पद्धत होती. "मी शब्द बोलीन. जे ऐकू येईल ते जसंच्या तसं म्हणायचं. उत्तर द्यायचं नाही, प्रश्न विचारायचा नाही. फक्त म्हणायचं."

"बरं."

"दोरी."

"दोरी."

"साखर."

"…खर. आधी काहीतरी होतं."

तिने आवाज वाढवला. "साखर."

"साखर."

"चटई." "चटई." "पाऊल." "पाऊल." छापील शब्द संपले. त्याच्या मानेवर, केसांच्या खाली, केबिनच्या उन्हाने काळवंडलेली एक पट्टी होती. पुढच्या उन्हाळ्यात ती तिथे नसणार होती. तिने आवाज आणखी एक खूण वाढवला, माईक अगदी ओठांजवळ घेतला.

"लग्न करशील माझ्याशी?"

पाठ हलली नाही. बराच वेळ काहीच आलं नाही. तिला वाटलं, हेही वरच्या सुरांबरोबर गेलं. मग भिंतीकडून, आज्ञाधारक पेशंटसारखा, जरा फाटलेला आवाज आला —

"लग्न करशील माझ्याशी?"

तिने डोळे पुसले.

"करीन," ती म्हणाली.

"करीन," तो म्हणाला.

दोन्ही शब्द बरोबर होते. निकालात तिने ते धरले नाहीत. आलेखाखाली 'क्रेन चालवण्यास अपात्र' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं, सही केली, आणि त्याला बाहेर घ्यायला उठली.