पाचशेची रेघ

थेंबआजोबा हे नाव नातीने ठेवलेलं, आणि ते इतकं चपखल बसलं की आजीसुद्धा लाडात आली की तेच वापरायची. पस्तीस वर्षं लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट काढलेला माणूस, निवृत्त झाला म्हणून थेंब मोजायची खोड जाणार कशी? बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याचा फिशटँक आला आणि आजोबांनी लॅब घरीच थाटली.

पहिल्या खेपेला मात्र त्यांनी घाई केली. पाण्यात घाण पचवणारे जंतू तयार होण्याआधीच तीन मासे सोडले, आणि आठवडाभरात सुट्टीला आलेल्या नातीच्या डोळ्यांदेखत तिन्ही उताणे झाले. सात वर्षांच्या त्या पोरीने कट्टी घेतली ती तीन महिने. फोनवर आजोबांचा आवाज आला की, "आजीकडे द्या." बस्स! आजोबांना ते फार लागलं. शेवटी पुष्कळ मनधरणी झाली तेव्हा बाईसाहेबांनी अट घातली, "नवा मासा मरणार नाही असा रिपोर्ट लिहून ठेवा. तरच रविवारी येईन."

म्हणून या वेळी एकच मासा आणला, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला. तो टाकीत सोडल्यापासून रोज सकाळी नऊला तपासणी. काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब मोजून टाकायचे, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर पाणी चांगलं. हिरवं झालं तर माशाच्या घाणीतलं विष साठतंय.

सोमवारी पिवळं. मंगळवारी पिवळं. बुधवारी आजोबा शीळ घालत दाढी करत होते.

गुरुवारी त्यांच्यातला लॅबवाला जागा झाला. टाकीतले जंतू ते विष पचवतात हे खरं, पण पचवल्यावर मागे नायट्रेट उरतंच. त्याचीही चाचणी केली. शून्य. मासा तर दिवसातून दोनदा पोटभर हादडत होता. औषधच खराब असेल म्हणून आजोबांनी फुलदाणीतलं आठवड्याचं पाणी तपासलं. ते गर्द हिरवं झालं, म्हणजे औषध ठीक होतं.

"शून्य आलं म्हणून तक्रार करणारे तुम्ही पहिलेच!" मासेवाला फोनवर खो खो हसला. "मासा पोहतोय ना? मग झालं तर."

"अहो, जो जगतो तो पाण्यात काहीतरी सोडतोच."

"तुमचा नसेल सोडत. गुणी आहे."

आजीलाही गंमतच वाटली. "मासा मालकाच्या वळणावर गेलाय. तुम्ही तरी कुठे जाणवता हल्ली? सकाळी पलंगावरून उठता तर गादी हलत नाही. पूर्वी भूकंप व्हायचा."

"रोज फिरायला जातो ते काय फुकट?" आजोबा ऐटीत म्हणाले.

शनिवारी आजी बाजारात गेल्यावर त्यांनी निरोपाच्या दिवशी लॅबने दिलेलं मोजपात्र काढलं. रुंद तोंडाचं, लिटरभराचं. त्यात टाकीतलंच पाणी बरोबर पाचशेच्या रेघेपर्यंत भरलं आणि जाळीने मासा अलगद आत सोडला.

पाणी पाचशेवरच राहिलं.

आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मासा गोल गोल फिरत होता, तोंड उघडत मिटत होता. रेघेवरचं पाणी जागचं हललं नव्हतं. मासा टाकीत परत सोडून त्यांनी वहीत तारीख घातली, विष, नायट्रेट, चढलेलं पाणी अशा तिन्ही रकान्यांत शून्य लिहिलं आणि शेऱ्याचा रकाना कोराच ठेवला.

रविवारी नात आली ती थेट टाकीला नाक लावून उभी राहिली. मासा समोर आला. कट्टी तिथेच सुटली आणि पोरगी आजोबांच्या गळ्यात पडली. त्यांच्या जिवात जीव आला. मग तिने वही मागितली.

"शेरा का नाही लिहिला?"

"लिहायचाय अजून."

"आणि हे भांडं कशाला?"

"पाण्यात काही बुडवलं की पाणी किती वर चढतं ते मोजायला."

एवढं कळल्यावर खेळ सुरू व्हायला वेळ लागतो का? नातीची तीन बोटं बुडाली, पाणी पाचशे वीस. आजीने मनगटापर्यंत हात घातला, सातशेच्या वर.

"जाडी कोण म्हणेल त्याला बघून घेईन," आजी म्हणाली.

मग मासा. पाचशे.

"झीरो!" नात टाळ्या पिटत ओरडली. मासा टाकीत परत गेला. "आता तुम्ही!"

आजोबांनी बाही वर केली.

पाणी गार होतं. ते बोटांना लागलं, तळव्याला लागलं, मनगटाला लागलं.

पाचशे.

त्यांनी मूठ वळली. उघडली.

पाचशे.

"बघा, म्हणत नव्हते मी? हलके झालेत!" आजी हसत हसत दूध तापवायला आत गेली.

नातीने त्यांच्या खिशातलं पेन काढलं, जीभ बाहेर काढून वहीत टपोऱ्या अक्षरांत लिहिलं : मासा शून्य, आजोबा शून्य.

मग कोऱ्या रकान्यापाशी थांबून तिने थोडा विचार केला आणि आजोबांच्या वतीने शेराही लिहून टाकला : दोघंही मरणार नाहीत.