चार मिनिटांचे पाणी

फोटोग्राफरच्या टेबलाच्या वरच्या खणात, मऊ फडक्यात गुंडाळलेला एक फिल्टर असे. दिसायला साधी गोल काच, पण तिला दोन कड्या होत्या. एक कडी फिरवली की काच हळूहळू काळी होत जाई, इतकी की उजाडल्यावरही शटर चार-चार मिनिटे उघडे ठेवता येई. दुसरी कडी फिरवली की पाण्यावरची चकाकी निघून जाई आणि तळाचे गोटे दिसू लागत. एरवी या दोन कामांना दोन फिल्टर लागतात, आणि ते एकावर एक चढवताना भल्याभल्यांच्या तोंडून शिव्या बाहेर पडतात. फोटोग्राफरने दोन्ही कामांचा एकच घेतला होता आणि पुढे महिनाभर भेटेल त्याला त्याचे कौतुक ऐकवले होते. पासपोर्टच्या फोटोला आलेल्या गिऱ्हाइकाचीसुद्धा त्यातून सुटका नसे.

पोटापाण्याला लग्ने, शाळांचे गट, पासपोर्ट. हौस मात्र पाण्याची. शटर चार मिनिटे उघडे राहिले की तलावावरच्या लाटा फोटोत उरत नाहीत. पाण्यावर दुधासारखी साय धरते. बदके, होड्या, काठाने चालणारी माणसे, जे जे हलते ते पुसले जाते. जे थांबते तेवढेच राहते.

घराच्या पुढच्या खोलीत त्याचा स्टुडिओ होता आणि मागच्या खोलीत बायकोचे शिवणयंत्र. ती बायकांचे आणि मुलांचे कपडे शिवायची. टेप गळ्यात असायची, पण बहुतेक वेळा नुसत्या नजरेने माप सांगायची आणि ते अर्ध्या इंचाने चुकले तर दिवसभर स्वतःवर चिडून असायची. या दोन खोल्यांच्या मधून दिवसभर ये-जा करणारी त्यांची मुलगी, सहा वर्षांची. खरे नाव शाळेच्या हजेरीत, घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. तिचा एकही फोटो धड आलेला नव्हता. फोटोग्राफरच्या घरात मुलीचा नीट फोटो नाही म्हणून नातेवाईक चेष्टा करत, आणि तोही हसून म्हणे की आधी तिला अर्धे मिनिट उभी करून दाखवा.

मग त्यानेच युक्ती काढली. रविवारी सकाळी तो तिला तलावावर घेऊन जाई. पंपघराच्या बाजूला पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या. कॅमेरा लावून तो तिला सांगे, हवी तेवढी पळ, नाच, उड्या मार, फक्त थांबू नकोस. थांबलीस की दिसलीस. चार मिनिटांनी ती धापा टाकत कॅमेऱ्याच्या पडद्यात डोके खुपसायची आणि पायऱ्या रिकाम्या दिसल्या की टाळ्या पिटायची. गायब झाल्याचा आनंद तिच्या पोटात मावत नसे.

त्या रविवारी आभाळ भरलेले होते आणि पाणी एरवीपेक्षा दोन पायऱ्या वर आले होते. त्याने शटर उघडले आणि मान खाली घालून घड्याळ बघत बसला. अडीच मिनिटे झाली तेव्हा तिची हाक आली. बाबा. एकदाच. त्याला ती स्पष्ट ऐकू आली. पाण्याची खळबळही ऐकू आली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून हातही हललेले दिसले. तो वर न बघता म्हणाला, "थांबू नकोस, दीड मिनिट राहिलंय."

शटर आपल्या वेळेला बंद झाले. त्याने मान वर केली तेव्हा पायऱ्यांवर कोणी नव्हते. त्याला वाटले, पंपघरामागे लपली असेल.

तो फोटो त्याच्याकडे होता. पांढरे शांत पाणी, रिकाम्या पायऱ्या, वर राखाडी आभाळ. जे व्हायचे ते सगळे त्याच चार मिनिटांत, त्याच चौकटीत झाले होते आणि फोटोत त्यातले काहीही नव्हते.

लोकांना त्याने सांगितले की तो गाडीतली पिशवी आणायला गेला होता आणि तेवढ्यात तिचा पाय घसरला. लोकांनी ते मान्य केले. बायकोने फक्त एकदा विचारले. यंत्रावर कापड नव्हते आणि तरी ती पायडल मारत बसली होती.

"हाक मारली का तिनं?"

"नाही," तो म्हणाला.

तिने मान हलवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. तो खोटे बोलला होता, आणि पुढची अडीच वर्षे त्याच एका शब्दावर त्यांचा संसार उभा होता. एका ताटात दोघे जेवत होते, गिऱ्हाइकांशी बोलत होते, महिन्याचे सामान भरत होते. खरे सांगितले तर ती त्याच क्षणी उठून जाईल याची त्याला खात्री होती, आणि तिच्याशिवाय तो उरलाच नसता.

मग पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निरोप आला. नव्या इमारतीच्या भिंतीसाठी तलावाचे फोटो हवे होते. दोनदा त्याने काहीतरी कारण सांगून टाळले. तिसऱ्यांदा बायकोच म्हणाली की जा, कधीतरी जावेच लागेल. फिल्टर तिने स्वतः खणातून काढून त्याच्या हातात दिला.

पायऱ्यांना आता साखळी लावली होती. पंपघराचा पहारेकरी म्हणाला की हल्ली इकडे कोणी फिरकत नाही. फोटोग्राफरने ट्रायपॉड मुद्दाम जुन्या जागेपासून लांब उभा केला, चार मिनिटे मोजली आणि घरी आला.

फोटोत तिसऱ्या पायरीवर एक डाग होता. काचेवर श्वास सोडल्यावर उमटतो तसा.

असले डाग त्याला नवे नव्हते. धूळ असेल, ओल असेल. त्याने काच पुसली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. डाग त्याच पायरीवर होता, जरा दाट. कॅमेरा हलवून दुसऱ्या कोनातून फोटो घेतला तेव्हा धुळीचा डाग जागा बदलतो तसा हा बदलला नाही. तो पायरीवरच राहिला. फिल्टर काढून साधा फोटो घेतला तर तिथे काहीच नव्हते. डोळ्यांनाही काही दिसत नव्हते, तिसरी पायरी पावलापुरत्या पाण्याखाली होती आणि एवढेच.

कॅमेऱ्याच्या दुकानदाराने सगळे उघडून, फुंकर मारून, दिव्यासमोर धरून पाहिले. काचेत काही नाही, म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला की तब्येतीकडे लक्ष दे, डोळे बघ कसे झालेत.

चौथ्या सकाळी त्याने दुसरी कडी फिरवून पाण्यावरची चकाकी पूर्ण घालवली. चार मिनिटांनी पडद्यावर पाण्याखालची पायरी आली, तिच्यावरचे शेवाळ आले आणि त्या शेवाळावर दोन पावले आली. लहान, अनवाणी, बोटे जराशी आत वळलेली. पावले अगदी स्पष्ट होती. घोट्यांच्या वर मात्र सगळा धूर होता.

तो गवतात खाली बसला. पावले थांबली होती आणि वरची भिंगरी अजून हलत होती. ती उभी राहायचा प्रयत्न करत होती. जे तिला कधी अर्धे मिनिटही जमले नव्हते, ते ती आता शिकत होती. भीती वाटायला हवी होती, हे त्याला कळत होते. पण त्याला फक्त रडू आले, आणि तो पहारेकऱ्याकडे पाठ करून पोटभर रडला.

त्यानंतर तो रोज गेला. लग्नाच्या दोन तारखा नाकारल्या, घरी सांगितले की कचेरीला अजून फोटो हवे आहेत. आठवडाभराने पोटऱ्या आल्या. मग गुडघे, मग फ्रॉकची कड, त्यावरची बारीक ठिपक्यांची नक्षी. अंगालगत धरलेले हात आले, मुठी वळलेल्या, एखाद्या कवायतीत उभे राहावे तशा. मान आली. चेहरा तेवढा येईना. मानेच्या वर नुसता भुरकट गोळा होता. लहान मूल सगळे अंग थांबवू शकते, पण डोके थांबवू शकत नाही. हे त्याला शाळांच्या गटफोटोंवरून माहीत होते.

त्याला चेहरा हवा होता. एकदाच. तिच्या चेहऱ्यावर राग आहे का, एवढेच त्याला पाहायचे होते.

त्यासाठी जास्त वेळ हवा होता. आठ मिनिटे. आणि आठ मिनिटांसाठी काच अजून काळी करायला हवी होती. त्या कडीवर शेवटची खूण असते. तिच्यापुढे कडी फिरते, पण कोणी फिरवत नाही, कारण फोटोवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मोठी काळी फुली उमटते आणि फोटो वाया जातो. हातात हा फिल्टर घेणाऱ्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

त्याने कडी खुणेच्या पुढे नेली आणि शटर उघडले.

आणि या वेळी त्याने घड्याळाकडे पाहिले नाही. आठही मिनिटे तो रिकाम्या पायरीकडे बघत होता.

"थांब, बाळा," तो म्हणाला. "आता थांब. मी बघतोय."

पाणी पायरीवर येऊन आपटत राहिले.

फोटो त्याने तिथे पाहिला नाही. घरी आला, स्टुडिओचा दरवाजा लोटला आणि तो संगणकाच्या मोठ्या पडद्यावर उघडला.

फुली आली होती. चारही कोपऱ्यांतून काळे पट्टे आत शिरले होते. पायरीपाशी येऊन ते थांबले होते. मधल्या उजेडात ती उभी होती.

केसांची बट न् बट दिसत होती. पापण्या दिसत होत्या. राग नव्हता.

तोंड उघडे होते.

आठ मिनिटांत जराही न हलता ती तोंड उघडे ठेवून उभी होती. ओठ मिटलेले असते, अर्धवट उघडे असते, तर काहीही मानता आले असते. पण तो आकार त्याने रोज शंभर वेळा पाहिलेला होता. त्या आकारात तिच्या तोंडून एकच शब्द निघत असे.

तो किती वेळ बसून होता त्याला कळले नाही. दुपार झाली. जेवायला का येत नाहीत म्हणून बायको बघायला आली. पडदा बंद करायला त्याचा हात उठला, पण पोचला नाही.

ती त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"हाक मारली होती तिनं," ती म्हणाली. तिने ते विचारले नाही.

"हो."

"तुम्ही काय म्हणालात?"

"थांबू नकोस म्हणालो. दीड मिनिट राहिलंय म्हणालो."

ती ओरडेल, मारेल, निघून जाईल, याची तो वाट पाहत होता. मनातून त्याला तेच हवे होते. ती वाकली. चेहरा पडद्याजवळ नेला. श्वासाने पडद्यावर धुके आले ते तिने पदराने पुसले.

"फ्रॉक बघा," ती म्हणाली.

त्याला समजले नाही.

"हा मी गुडघ्याच्या खाली चार बोटं शिवला होता."

त्याने पाहिले. फ्रॉकची कड गुडघ्याच्या बरीच वर होती. बाह्या काखेत रुतल्या होत्या. छातीवरचे बटण ताणून बसले होते. एवढे दिवस एकेक तुकडा बघताना हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. पायरीवर उभी होती ती सहा वर्षांची मुलगी नव्हती. साडेआठची असावी.

"पायरी किती उंच आहे?" तिने विचारले.

"सात इंच."

तिने त्याच्या टेबलावरची पट्टी उचलली. पडद्यावर आधी पायरीला लावली, मग खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, मग छातीला, मग बाहीला. ओठांतल्या ओठांत आकडे पुटपुटत राहिली आणि खडूने टेबलाच्या कडेवर लिहीत गेली. अडीच वर्षांत तिचा चेहरा इतका निवांत त्याने पाहिला नव्हता. त्याच्याकडे तिने एकदाही पाहिले नाही.

"उद्या जाणार आहात ना?"

"हो," तो म्हणाला.

ती मागच्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग कापड झटकल्याचा. कात्री चालू लागली, थांबली.

"थोडा वाढत्या अंगाचा शिवते," ती आतून म्हणाली.