चार अक्षरांच्या भेंड्या

लिंगशी गावच्या सरकारी दवाखान्यासमोर छू रुइलियानचं दुकान होतं. एका बाजूला शाओ वहिनींच्या फळांच्या करंड्या, दुसऱ्या बाजूला तांदळाच्या शेवयांचं हॉटेल, आणि मधल्या अरुंद गाळ्यात लाल मखमलीचे तागे. पेशंट बरा होऊन घरी निघाला की त्याची माणसं डॉक्टरला मानपत्र देतात. ते इथे बनायचं. लाल मखमल, खाली सोनेरी झालर, मधोमध चार मोठी पिवळी अक्षरं. उजवीकडे वर ज्याला द्यायचं त्याचं नाव, डावीकडे खाली देणाऱ्याचं.

चिनी लिपीत एक अक्षर म्हणजे एक अख्खा शब्द, आणि ती चार अक्षरं मनाने रचायची नसतात. हजार-दोन हजार वर्षं लोकांच्या तोंडी बसलेले ते बोल. शाळेत पोरं छड्या खाऊन पाठ करतात. डॉक्टरसाठी सगळ्यात जास्त खपणारा बोल म्हणजे कुशल-हात-परतवी-वसंत. मरणाच्या दारातल्या माणसाला नुसता हात लावला आणि त्याच्या अंगात वसंत परत आला, असा डॉक्टर. रुइलियान हे डोळे मिटून कापायची. दुसरी दुकानं यंत्राने कापून चिकटवतात आणि सहा महिन्यांत अक्षरांचे कोपरे सुटतात. तिची अक्षरं सुटत नसत, याचा तिला भारी तोरा होता.

तिची एकुलती एक मुलगी, फान यीनिंग, समोरच्याच दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर डॉक्टर. नवरा गेल्यावर रुइलियानने याच कात्रीवर तिला शिकवलं होतं. त्यामुळे त्या मार्च महिन्यात, भिंतींना घाम फुटलेल्या एका बुधवारी, एक गृहस्थ दुकानात येऊन म्हणाला, "डॉक्टर फान यीनिंग यांच्यासाठी मानपत्र हवंय," तेव्हा बाईचा ऊर भरून आला.

"बसा ना! चहा घेणार? माझीच लेक आहे हो ती."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. बसला नाही.

साठीचा असेल. इस्त्रीचा करडा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, खिशाला दोन पेनं. दवाखान्याच्या नंबराच्या चिठ्ठीमागे त्याने ती नेहमीचीच चार अक्षरं लिहून आणली होती. अक्षर छापल्यासारखं.

"देणाऱ्याचं नाव काय घालू?"

"ती जागा कोरी ठेवा."

"कोरी कशी ठेवणार? डॉक्टरला कळायला नको, कुणी दिलं ते?"

"कळेल की," तो म्हणाला आणि गेला. रुइलियानने खांदे उडवले. लोकांचे एकेक नखरे असतात.

त्याच आठवड्यात यीनिंगने तीन पेशंट असे वाचवले की मोठे डॉक्टरसुद्धा चाट पडले. त्यातल्या एका म्हातारीवर तर घरच्यांनी कापड घालून ठेवलं होतं. आईला अभिमानाने दोन घास जास्त गेले.

पुढच्या बुधवारी तो पुन्हा हजर. पुन्हा चिठ्ठी, पुन्हा यीनिंगचंच नाव. या वेळी बोल होता वसंत-वारा-भरला-चेहरा. म्हणजे आनंदाने चेहरा नुसता फुललेला.

रुइलियान हसली. "अहो, हे नवरदेवाला म्हणतात. डॉक्टरला नाही देत कुणी."

"तिचा चेहरा ओढलेला असतो," तो म्हणाला. "हसायला नको माणसाने?"

"आणि वसंत संपला तिथून वसंत सुरू? भेंड्या खेळताय की काय?"

चार अक्षरांच्या भेंड्या तिथे शेंबडं पोरसुद्धा खेळतं. एकाच्या बोलाचं शेवटचं अक्षर घ्यायचं आणि त्यावरून पुढच्याने नवा बोल म्हणायचा. रुइलियान लहानपणी त्यात पटाईत होती.

"येतात का तुम्हाला?" त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. ते पाहणं तिला आवडलं नाही. एखाद्या मास्तरने नापास करायचं ठरवून पेपर हातात घ्यावा तसं ते होतं.

तरी तिने मानपत्र करून दिलं. का नाही देणार? शब्द चांगला होता, नाव लेकीचं होतं.

शुक्रवारी यीनिंग जेवायला आली ती हसतच. शेवयांवर खारवलेल्या शेंगा घालता घालता रुइलियान म्हणाली, "काय गं, लग्न ठरलं की काय तुझं?"

"आई, गाल दुखतायत माझे."

"मग हसू नकोस."

"मी हसत नाहीये गं."

रुइलियानने वाडगा खाली ठेवला. लेकीचे ओठ ताणलेले, दात दिसत होते, गालांना खळ्या पडल्या होत्या. आणि वर डोळ्यांतून पाणी गळत होतं. कालपासून असंच आहे, ती म्हणाली. झोपेतही जात नाही. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, नसा ठीक आहेत, स्नायू ठीक आहेत. रुइलियानने गरम फडक्याने गाल शेकले, तेल चोळलं, बोटांनी ओठ मिटून धरले. बोटं काढली की हसू पुन्हा जागेवर.

सोमवारी यीनिंगच्या वॉर्डात एक म्हातारा गेला. बाहेर त्याच्या मुलाला सांगायला तीच गेली. चेहरा फुललेला. त्या मुलाने आधी नुसतं पाहिलं. मग ओरडला, "माझा बाप मेला आणि दात काय काढतेस?" आणि खाडकन तिच्या थोबाडीत दिली. ती खाली पडली तरी हसतच होती. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या फाटकात त्या म्हाताऱ्याकडची चाळीस माणसं जमली होती. शाओ वहिनी करंड्या आत ओढता ओढता म्हणाल्या, "रुइलियान, तुझ्या लेकीला काही दिवस गावाबाहेर ने बाई. हे लोक जीव घेतील तिचा."

बुधवारी तो आला तेव्हा रुइलियान कात्री घेऊन दारातच उभी होती.

"काय केलंत माझ्या पोरीला?"

त्याने चिठ्ठी काउंटरवर ठेवली. चेहरा-डोळे-सगळे-नाही. माणूस असा पालटला की जुनं काही म्हणता काही उरलं नाही, ओळखू येईना, अशासाठीचा बोल. जळालेल्या घरांबद्दल म्हणतात. भाजलेल्या माणसांबद्दलही म्हणतात.

हसू मिरवणारा तो गोरा, गोल, आईवर गेलेला चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि फाटकातली चाळीस माणसं आठवली.

"मी नाही करणार. चालते व्हा!"

"पलीकडच्या गल्लीत तीन दुकानं आहेत."

"मग जा तिकडे!"

"जाईन. पण त्यांची अक्षरं सुटतात, आणि अर्धवट सुटलेलं फार वाईट दिसतं हो चेहऱ्यावर." त्याने पेनाचं टोपण उघडलं, बंद केलं. "तुमची चिकटून राहतात."

"तुमचं काय वाकडं केलंय तिने? कुणी मेलंय का तुमचं तिच्या हातून?"

"माझं कुणी नाही. मी फक्त पुढचा बोल सांगतो."

रुइलियानने रागावून पाहिलं, रडून पाहिलं, शेवटी तिने हात जोडले. "लेकरू आहे हो माझं. सोडा तिला."

"मी कुठे धरलंय?" तो कंटाळल्यासारखा म्हणाला. "बोल माझा आहे. नाव तर तुम्हीच घालता. संध्याकाळी येतो."

तो गेल्यावर ती बराच वेळ मखमलीकडे बघत बसली. नाव तर तुम्हीच घालता. मग यीनिंगचं का घालायचं? पहिलं मनात आलं ते त्याचंच नाव. घालायचं होतं त्या मेल्याचंच! पण नाव तिला माहीत नव्हतं. मग थोबाडीत मारणाऱ्या त्या पोराचं आठवलं. मग, सांगायला लाज वाटते, शेजारी संत्री पुसत बसलेल्या शाओ वहिनींचं पूर्ण नाव तिच्या डोक्यात अक्षर अक्षर उमटलं. तिने स्वतःच्याच गालावर एक चापट मारून घेतली.

आणि मग ती शांत झाली. चौपन्न वर्षांचा आपला चेहरा. सुरकुत्या, वांग, एक पडलेला दात. कोण बघतंय त्याच्याकडे? जळला तर जळला. लेकीपुढे आयुष्य पडलंय. तिने पिवळं कापड घेतलं, चार अक्षरं कापली आणि उजवीकडे वर स्वतःचं नाव लावलं. इस्त्री इतकी दाबून फिरवली की मखमलीचा वास सुटला.

संध्याकाळी त्याने ते उलगडून वाचलं आणि तो पहिल्यांदाच हसला.

"चालेल," तो म्हणाला. "नियमात बसतं."

तासाभराने यीनिंगचा फोन आला. ढसाढसा रडत होती. "आई, गेलं गं! गेलं! चेहरा माझा झाला पुन्हा." रुइलियानचा जीव भांड्यात पडला. फोन ठेवून तिने आरसा घेतला. भाजलं नव्हतं, सुजलं नव्हतं. तेच वांग, तोच पडलेला दात. ती आरशातल्या स्वतःला बघून मोठ्याने हसली. मेल्याला फसवलं! रात्री ती मेल्यासारखी झोपली.

सकाळी ती दुकानाचं शटर उघडायला वाकली तेव्हा मागून शाओ वहिनी म्हणाल्या, "ओ बाई, काय चाललंय? मालकीण यायचीय अजून."

"वहिनी, सकाळी सकाळी थट्टा नको."

शाओ वहिनींचा चेहरा हसला नाही. "वहिनी कुणाला म्हणता? किल्ली कुठून मिळाली तुम्हाला?"

हॉटेलवाला दू काका झारा घेऊनच बाहेर आला. रुइलियानने त्याला त्याच्या पोराचं नाव सांगितलं, त्याच्या सांध्यांचं दुखणं सांगितलं. तो दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "हिने पाळत ठेवलीय आपल्यावर."

ती रस्ता ओलांडून दवाखान्याकडे पळाली. काचेच्या दारात तिला स्वतःचा चेहरा दिसला. तिचाच होता. अगदी रोजचा.

दुसऱ्या मजल्यावर बाकावर नंबर लागायची वाट बघताना तिच्या डोक्यात, नको नको म्हणताना, जुनी सवय जागी झाली. शेवटचं अक्षर, नाही. 'नाही'वरून काय? तिला एकच बोल आठवत होता. नाही-सगं-नाही-ओळखीचं. ज्याच्याशी ना नातं, ना ओळख, अशा परक्या माणसासाठीचा. तिने जीभ चावली, डोळे मिटले, दुसरा काहीतरी शोधायला लागली. लहानपणी दहा आले असते. आज एकच येत होता.

नंबर पुकारला.

यीनिंग टेबलामागे बसली होती. थकलेली, गंभीर, गालावर बोटांचे वळ. हसू नव्हतं. रुइलियानला रडूच फुटलं.

"बसा मावशी," यीनिंग म्हणाली. "काय त्रास होतोय? बरोबर कुणी आलंय का?"

"निंगनिंग, अगं मी."

यीनिंगने मान वर केली. या नावाने तिला एकच माणूस हाक मारायचा. तिने समोरच्या बाईकडे पाहिलं, मग तिने आत येताना टेबलावर ठेवलेलं ओळखपत्र उचललं. फोटोकडे पाहिलं. पुन्हा बाईकडे.

"हे कार्ड माझ्या आईचं आहे."

"हो गं. माझंच."

"हे तुमच्याकडे कसं आलं?"

"गुडघ्यावर डाग आहे तुझ्या. उजव्या. माझ्या इस्त्रीवर पडली होतीस, चार वर्षांची असताना. तीन दिवस मी तुला मांडीवरून खाली..."

यीनिंग उठून उभी राहिली. खुर्ची मागे पडली.

"हे तिने तुम्हाला सांगितलं? कसं बोलतं केलंत तिला?"

"अगं, बघ तरी माझ्याकडे!"

"कुठे आहे माझी आई? काय केलंत तिचं?"

रुइलियानने तिचा हात धरायला हात पुढे केला. यीनिंगने तो असा झिडकारला की बाईचं मनगट टेबलाच्या कडेवर आपटलं. लेकीच्या डोळ्यांत कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. तो द्वेष होता.

पहारेकरी धावत आला. त्याने रुइलियानचा दंड पिरगाळून धरला. यीनिंग फोन लावत होती.

रुइलियानच्या पिशवीत फोन वाजायला लागला.

खोलीतले सगळे पिशवीकडे बघत राहिले.

"आई," यीनिंग फोनमध्ये म्हणत होती. "आई, उचल ना गं. उचल ना."

रुइलियानने मोकळ्या हाताने पिशवीत चाचपडून फोन काढला आणि कानाला लावला.

"निंगनिंग," ती म्हणाली. "मी बोलतेय बाळा."

टेबलापलीकडे यीनिंगने फोन कानापासून दूर धरला, पडद्यावरचं नाव वाचलं आणि पुन्हा कानाला लावला.

"कोण बोलतंय?" तिने विचारलं.