डबल बेल

डेपोत त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. तेहतीस वर्षं बस चालवली, पण गाडीला साधा ओरखडा नाही. ड्रायव्हरनं समोर बघायचं, मागचं कंडक्टर बघतो, हा त्याचा धर्म. एक बेल झाली की थांबायचं, दोन झाल्या की निघायचं. मान वळवायची म्हणून नाही.

निवृत्तीनंतर त्यानं जुनी मिनीबस घेऊन तिची कॅरॅव्हॅन केली. मागे पलंग, ओटा, पडदे; त्याच्या सीटमागे पत्र्याची भिंत आणि तिच्यात हातभर काच. बायको शाळेतून निवृत्त झालेली, साऱ्या गावाच्या बाई. त्यांनी मागे हौसेनं दोरीची बेल बसवून घेतली आणि आता तुमची कंडक्टर मी, असं बजावलं. चाळीस वर्षांचा संसार, पण तो सगळा ड्यूटीच्या पाळ्यांत गेलेला. आता काय राहिलं असेल ते एकत्र काढायचं, एवढीच दोघांची इच्छा होती.

पहिली फेरी नुसती चाचणीची. डोंगर चढायचा, पलीकडे गाडीतच चहा करून प्यायचा आणि दिवेलागणीच्या आत घरी.

भर दुपारी माथ्यावर धुकं लागलं, चांगलं दाट. एक बेल झाली. उस्तादानं गाडी थांबवली. दार उघडलं, बाई पाय मोकळे करायला उतरल्या असाव्यात. थोड्या वेळानं दार आपटलं, दोन बेल झाल्या, आणि हा निघाला.

पुढच्या वळणावर पुन्हा एक बेल. उस्ताद गालात हसला. या वयात काय खेळ मांडलाय बाईनं! दार उघडलं, गाडी किंचित खाली दबली, दोन बेल. मग आणखी एका वळणावर. मग आणखी एका. काचेच्या फटीतून ओल्या, कोंडलेल्या कपड्यांचा वास येऊ लागला. स्टिअरिंग जड झालं होतं. भरलेली बस कशी चालते ते त्याच्या हातांना पाठ होतं, आणि हात सांगत होते की गाडी भरलीय.

तेवढ्यात फोन वाजला.

"अहो," बाई म्हणाल्या, "मला इथं सोडून कुठं गेलात?"

गाडी कशीबशी थांबवून जन्मात पहिल्यांदा त्यानं मागे पाहिलं. काचेपलीकडे पलंग, ओटा, हलणारे पडदे. माणूस नाही. तिथून हलू नकोस, आलोच, असं तो कसंबसं म्हणाला.

"आलातच की. हे काय, गाडी घेऊन पुढ्यात उभे आहात."

"अगं, चढू नकोस... तो मी नाही."

बाई वैतागल्या. गुडघा ठणकतोय, गारठा झोंबतोय आणि यांना थट्टा सुचतेय, असं पुटपुटत त्या चढल्याच. फोनमध्ये दार आपटलेलं त्याला ऐकू आलं. दोन बेल झाल्या.

"माणसं बरीच घेतलीत हो... बोलत कुणीच नाही."

उतर, उडी मार, काहीही कर, असं तो ओरडत राहिला. मग पलीकडे बाईंचा आवाज अगदी खाली आला.

"काचेतून तुमची पाठ दिसतेय. दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत... मग माझ्याशी बोलतंय कोण?"

"मी बोलतोय. त्याला हाक मारू नकोस."

पण घाबरल्यावर बाईंनी आयुष्यभर एकालाच हाक मारली होती. काचेवर टकटक झाली. "अहो," त्या म्हणाल्या. जरा वेळ नुसतं इंजिन वाजत राहिलं.

"वळले," बाई म्हणाल्या. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

उस्ताद जमेल तिथून गाडी वळवून परत आला. माथ्यावर चुरगळलेलं ओलं गवत तेवढं होतं. पोलिसांनी आठवडाभर दरी पालथी घातली. शेवटी तेही हात हलवत परत गेले.

त्याला आता सहा महिने झाले. उस्तादाचा फोन चोवीस तास चार्जरला लावलेला असतो, कारण तो कॉल त्यानं कापलेला नाही आणि पलीकडूनही कुणी कापलेला नाही. रात्रंदिवस तो फोन कानाशी धरून बसतो. आत गाडी घाट चढतेच आहे. तिचा ड्रायव्हर वळणावर गिअर टाकताना क्षणभर थांबतो, आणि इथं खुर्चीत बसलेल्या उस्तादाचा डावा पाय क्लचवर असल्यासारखा आपोआप खाली दाबला जातो, तेव्हा कुठं तिकडं गिअर पडतो.